जोडीने घ्यायची गोळी

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता. दिवेलागणीची वेळ. रक्तदाबाची गोळी मी नुकतीच जिभेवर ठेवली होती आणि फोनच्या पलीकडे, सणसवाडीतल्या कुठल्याशा भाड्याच्या खोलीत, एक माणूस त्याची गोळी घेत होता. या माणसाचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. हा काय प्रकार ते पुढे सांगते. "हो गया, टीचरजी," असं तो म्हणाला, मी फोन बंद केला आणि टेबलावर ठेवायच्या आत तो पुन्हा वाजला. शिरूरहून शमीमची भावजय नजमा बोलत होती. "सुनंदाताई, आपा गेल्या," एवढंच म्हणाली आणि नुसतं रडणं ऐकू येत राहिलं... मी घोट गिळला. पण गोळी खाली उतरली असं काही वाटेना. पहाटेपर्यंत ती घशातच होती.

सकाळची पहिली एसटी धरून दौंडहून शिरूरला पोचले तर बायकांनी तिला आंघोळ घालून कफनात ठेवलं होतं. आडव्या अंगाची, चालताना दाराची चौकट भरून टाकणारी माझी मैत्रीण शाळकरी मुलीएवढी दिसत होती. नजमाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. संध्याकाळी आपा खाटेवर बसल्या होत्या म्हणाली, नेहमीसारख्या, एक पाय दुमडून आणि दुखरा गुडघा उभा ठेवून. डाव्या हातात फोन होता. समोरचा फोन लागत नाही असं त्यातली बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. ती मूठ कुणाला उघडेना. शेवटी आंघोळीच्या वेळी कोमट पाणी सोडत सोडत उघडली, तर आत तिची बीपीची गोळी निघाली, अर्धी विरघळलेली. तळहातावर गुलाबी डाग पडला होता. तो घासूनही गेला नाही, तसाच तिच्याबरोबर गेला. "कुणाजवळ बोलू नका ताई," नजमा म्हणाली. आयुष्यभर मी हायस्कूलात विज्ञान शिकवलं. मेल्यावर स्नायू का ताठतात हे मला मुलांना सांगता येतं, डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं तेही मला समजलं. तरी परतीच्या एसटीत मी माझी उजवी मूठ उघडून पाहिली.

आम्ही दोघी शिरूरच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. मी वर्गाची मॉनिटर, हातात लाकडी पट्टी घेऊन फिरायची, म्हणून शमीमने माझं नाव 'पट्टी' ठेवलं. बाकीच्या मुली कुठल्या कुठे गेल्या, मी लग्न होऊन दौंडला आले, आणि ते नाव उरलं ते फक्त तिच्या तोंडी. तेही आम्ही दोघीच असलो तर. चारचौघांत, विशेषतः पेशंटसमोर, ती मला न चुकता 'बाई' म्हणायची. मी चिडले की मात्र कानाशी येऊन हळूच म्हणायची, "पट्टी, तू जरा गप बस." आणि मी बसायचे. नवऱ्याला हे चाळीस वर्षांत जमलं नाही.

ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली आणि एचआयव्हीचे पहिले पेशंट आमच्या भागात दिसायला लागले तेव्हा ती वॉर्डात होती. गोळ्या तेव्हा यायच्या होत्या. झिजून झिजून हाडांचा सापळा झालेली माणसं यायची, बरोबरची मंडळी पाणी आणतो म्हणून जायची ती जायचीच. मेल्यावर तर पोटचं पोरही हात लावायला धजत नसे. बायकांना शमीम स्वतः आंघोळ घालायची. हिंदू असली तर हळदकुंकू लावायची, मुसलमान असली तर त्यांच्या रीतीचं शेवटचं स्नान, गुस्ल. आणि सगळा वेळ त्यांच्याशी बोलायची. पाणी गरम लागतंय का, केस ओढले जातायत का, असं. मी एकदा दारात उभी राहून ऐकलं आणि अंगावर काटा आला. बाहेर आल्यावर विचारलं की कोण ऐकतंय हे? शमीम हात पुसत म्हणाली, "बोलत नाहीत गं ती. पण ऐकायचं थांबायला त्यांना वेळ लागतो."

निवृत्तीनंतर तिने संस्था काढली. संस्था म्हणजे दौंडला रेल्वे लायनीमागची एक खोली, एक पंखा आणि ओढून आणलेली मी. सणसवाडीच्या कामगारांच्या चाळींत तपासणी शिबिरं, कुरकुंभला शिफ्ट सुटताना गेटसमोर टेबल, सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर बडीशेपेच्या बरणीशेजारी निरोधची बरणी. ढाबेवाले आधी लाजले, मग सांगायला लागले की बडीशेप आधी संपते की निरोध, हे बघायला मजा येते. या फिरण्यात तिची एक सवय मला मुळीच सोसत नसे. भाड्याची जीप चाललेली असायची, आणि शमीम मध्येच एखाद्या बंद पंक्चरच्या दुकानाच्या ओट्याकडे, एखाद्या रिकाम्या थांब्याकडे बघून हात वर करायची. "मंगल बसते तिथं," म्हणायची. मंगल ही तिची जुनी पेशंट, तिला जाऊन दहा वर्षं झालेली. बसायची म्हण, असं मी व्याकरण सुधारायला जायचे. "तू म्हण बसायची," ती म्हणायची आणि येताना पुन्हा त्याच ओट्याला हात करायची. ड्रायव्हर त्या जागी आपोआप गाडी हळू करायला लागला होता. मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं.

गोळ्या आल्या, त्याही फुकट. माणसं जगायला लागली. आणि जगायला लागली म्हणून गोळी सोडायला लागली. बरं वाटतंय, मग कशाला? डबी कुणी पाहिली तर? आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे एकटेपण. रोज गुपचूप गोळी गिळायची म्हणजे रोज गुपचूप तो आजार आठवायचा. शमीमने यावर जो तोडगा काढला तो कुठल्या पुस्तकात नाही. आपल्या वयाच्या लोकांत बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी जन्माची लागलेले पैशाला पासरी मिळतात. असा एक जण आणि पेशंट एक, अशी तिने जोडी लावायला सुरुवात केली. ठरल्या वेळी फोन करायचा, दोघांनी आपापली गोळी तळहातावर घ्यायची, आणि ज्याला गोळी आधीपासून असेल त्याने म्हणायचं, "हां, आता." नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, तोंड बघायला जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम. दोघांच्या हातात गोळी आल्याशिवाय कुणी गिळायची नाही. दुसरा उशीर करेल तर थांबायचं.

देणगीदारांनाही तिने सोडलं नाही. भांडगावकडचे एक बागायतदार आप्पा, सोसायटीचे चेअरमन, धनादेश आणि फोटोग्राफर दोन्ही घेऊन आले. शमीमने धनादेश घेतला, फोटोला उभी राहिली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आप्पा, शुगरची गोळी कवा घेता?" आप्पांना शुगर आहे हे घरात कुणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती, कारण कळलं असतं तर जिलबी बंद झाली असती. तिने ते घामावरून ओळखलं की बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं, देव जाणे. आप्पांची जोडी एका ढाब्यावरच्या परप्रांती आचाऱ्याशी लागली. "हातमें लिया क्या? हां, अब गिळ," असलं हिंदी आजही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं. भांडणं ऐन रंगात आली तरी आप्पा उठून बाहेर जातात, माझा माणूस थांबलाय म्हणतात. सणसवाडीचा तो माणूस माझा. त्याच्या मागे कायम कुठलं तरी मशीन धडधडत असतं. एकदा तिथल्या शिबिरात मी पाठमोरी उभी होते आणि अगदी मागे त्याच आवाजात कुणीतरी पाणी मागितलं. नियम म्हणून मी वळले नाही, पण पाणी कुणी दिलं का याची चौकशी त्या संध्याकाळी फोनवर केली.

शमीमची स्वतःची जोडी मात्र या नियमाबाहेरची, तोंडओळखीची होती, रेश्मा. रेश्माची सासू हौसाबाई भांडगावच्या शिवारात राहते, तिच्या अंगात देवी येते. मंगळवारी लोक अंगाऱ्याला जमतात. मुलगा दत्ता कुरकुंभहून टँकर नेतो. तो खंगायला लागला तेव्हा हौसाबाईने त्याला अंगाऱ्यावर ठेवलं होतं. मी गेले असते तर शब्दाने शब्द वाढला असता आणि पोरगा गेला असता. शमीम ओसरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "मावशी, अंगारा कपाळाला, गोळी पोटाला. दोघांच्या जागा वेगळ्या हायत." पुढच्याच मंगळवारी हौसाबाईच्या अंगातून देवी बोलली की गोळी हा माझा नेम आहे, चुकवायचा नाही. दत्ता सुधारला. रेश्मालाही तोच आजार निघाला, तिनेही नेम धरला. मी शमीमवर तडकले होते की विज्ञानाचं काम देवीला लावलंस, हे एक दिवस अंगलट येईल. ती म्हणाली, डॉक्टरचं ऐकलं नाही तर माणसाला काही वाटत नाही, नेम मोडायला मात्र माणूस भितो. वर्षं गेली. डॉक्टरांना विचारून दोघांनी मूल होऊ द्यायचं ठरवलं. आईने गोळी नेमाने घेतली तर बाळ सुखरूप राहतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं. शमीमने दुपट्यांचा ढीग शिवला. स्वतःला मूल नव्हतं तिला.

ती गेल्यावर दोनेक आठवड्यांनी गोळ्या देणाऱ्या केंद्रातून मला फोन आला. रेश्मा गोळ्या न्यायला आलीच नव्हती. तिला सातवा महिना सरलेला. तशीच उठून भांडगावला गेले. भर दुपार होती, शिवारात चिटपाखरू नाही, कुत्रीही गोठ्यात शिरलेली. दत्ता टँकरवर गेला होता. हौसाबाई ओसरीवर सुपात बाजरी पाखडत होती, तिने मान हलवली आणि हात चालूच ठेवला. रेश्मा आतून आली. गोळ्या का आणल्या नाहीत विचारलं तर म्हणाली, आहेत की अजून, घेणंच थांबवलंय.

"सुतक हाय, बाई."

कुणाचं, म्हणून मी विचारलं.

"आपांचं."

मग हळूहळू उलगडलं. त्या घरात कुणी गेलं की देवीपुढचा दिवा लावत नाहीत, नेम थांबतात, सुतक फिटलं की पुन्हा सुरू. गोळी हा नेम, आणि शमीम तिची जोडी, म्हणजे सख्ख्याहून सख्खी. आपल्यात तेराव्याला फिटलं असतं. पण आपा मुसलमान, म्हणून तिने गावातल्या तांबोळ्यांच्या सुनेला विचारलं, त्यांच्यात चाळिसावा असतो असं कळलं. मग चाळिसाव्यापर्यंत गोळी बंद. मेलेल्या माणसाची रीत मोडू नये म्हणून, प्रेमापोटी! मला ओरडावं की तिच्या पाया पडावं ते कळेना. मी ओरडले. विषाणूला सुतक नसतं, पोटातल्या जिवाचा तरी विचार कर, आपाने हेच शिकवलं का, सगळं बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग तिने सांगितलं. आपा गेल्या त्या संध्याकाळी लाइट नव्हती, फोन बंद पडला होता. "म्या न थांबता घेतली, बाई. म्हनलं उद्या सांगीन. आन् त्या थांबल्या. त्यांची गोळी माझ्यापायी ऱ्हायली."

एका गोळीने कुणी जात नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, मी म्हणाले. "तुमचं बरुबर हाय. पर चाळिसाव्यापतुर न्हाई," ती म्हणाली. तिच्या पोटाकडे बघवत नव्हतं. त्या बाळाचा एकेक दिवस माझ्यासमोर वाया जात होता आणि माझ्या सगळ्या शिक्षणाचा काडीचा उपयोग नव्हता. मी पुन्हा आवाज चढवला. आणि माझ्या लक्षात आलं की सुपाचा आवाज थांबलाय.

मंगळवार नव्हता. ऊद नव्हता, हलगी नव्हती. हौसाबाईच्या मांडीवरून सूप घसरलं, बाजरी ओसरीभर पसरली. तिने एक पाय दुमडला, एक गुडघा उभा केला. पदर डोक्यावरून पुढे ओढला. उजवी मूठ घट्ट मिटून गुडघ्यावर ठेवली. देवी येते तेव्हा ती घुमते, केस सोडते, हे मी पाहिलेलं होतं. आता ती अगदी शांत होती. तिने माझ्याकडे मान वळवली.

"पट्टी, तू जरा गप बस."

आवाज हौसाबाईचाच, घोगरा. पण बोलणं तिचं नव्हतं. मी गप बसले. खांबाला टेकले. मग तिने रेश्माकडे पाहिलं आणि मूठ थोडीशी उघडली, आतलं काही सांडू नये अशी.

"रेश्मा, गोळी विरघळायला लागली गं हातात. किती थांबू मी?"

रेश्मा ना रडली ना ओरडली. आत गेली, पिठाच्या डब्यामागून डबी काढून आणली, गोळी तळहातावर घेतली आणि सासूसमोर बसली. पाण्याचा तांब्या तिने दुसऱ्या हातात धरला. "हां, आता," हौसाबाई म्हणाली. दोघींचे हात एकदमच तोंडाशी गेले. रेश्माने घोट घेतला. हौसाबाईनेही गिळलं, तिचा गळा हललेला मी पाहिला. मग ती खांदे पाडून बसली आणि थोड्या वेळाने नेहमीच्या कुरकुरीने विचारलं, "बाजरी कुणी सांडली गं?" तिच्या तळहातावर काही होतं का? मला विचारू नका. विज्ञान शिकवलेल्या बाईने पाहायला हवं होतं, पण माझं धाडस झालं नाही.

घरी येऊन मी सगळं नीट लावून पाहिलं. मुठीतल्या गोळीची गोष्ट नजमाने मला सांगितली, तशी तिथल्या आणखी बायकांनाही ठाऊक होती. अशी गोष्ट शिरूरहून भांडगावला यायला वेळ लागत नाही. शमीमची बैठक हौसाबाईने वर्षानुवर्षं पाहिलेली. सून ऐकेना, नातवंड जातंय असं दिसल्यावर म्हातारीच्या मनाने आपला मार्ग काढला असेल. हे सगळं मला पटतं. पट्टी हे नाव मात्र कुठेच बसत नाही. ते शमीमने तिला सांगितलं असेल का? कधी, कशाला? विचारायचं तर ते शमीमलाच विचारायला हवं...

डॉक्टरांनी रेश्माला झापलं, मग धीर दिला. खंड पडला तो पडला, आता चुकवू नका म्हणाले. तेव्हापासून संध्याकाळी मी दोन फोन करते, आधी सणसवाडी, मग भांडगाव. त्यासाठी मी डॉक्टरांना सांगून माझी गोळी अर्धी अर्धी करून घेतली, कारण रिकाम्या हाताने जोडी लावायची म्हणजे फसवणूक. चाळिसाव्याला रेश्मा अवघडलेल्या अंगाने, सासूला घेऊन शिरूरला आली. नजमाच्या अंगणात दोघी पंगतीला बसल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळाला सध्या रोज औषधाचे थेंब आहेत. पहिला रिपोर्ट यायचाय. खरं सांगते, मला भीती वाटते. कधी शमीमचा राग येतो, की असं अर्ध्यावर कुणी जातं का? आणि मग तिची इतकी आठवण येते की भाजी फोडणीला टाकून मी नुसती उभी राहते.

गेल्या आठवड्यात बाळाला बघायला गेले. रेश्मा आणि मी सतरंजीवर बसलो होतो, ओसरीवर ऊन होतं. थेंबांची वेळ झाली तशी मी सहज म्हटलं, हिला पण कुणी जोडीदार बघायला हवा. रेश्मा पिचकारीत औषध ओढत म्हणाली, "हाय की तिची जोडी." आणि थेंब बाळाच्या गालात सोडले. बाळाने ते धरून ठेवले. थुंकलं नाही, गिळलंही नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे बघत राहिलं. एवढ्या तान्ह्याला वीतभरापलीकडचं धड दिसत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. मी म्हटलं, गळ्यावरून बोट फिरव, नाहीतर ठसका लागेल.

"थांबा बाई," रेश्मा म्हणाली. "दोघींचं संगं व्हायला पायजे."

आम्ही थांबलो. बाळाने डोळ्यांची उघडझाप केली आणि गिळलं. रेश्माने पदराच्या टोकाने त्याचे ओठ टिपले आणि माझ्या खांद्यामागे बघून, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "झालं, आपा."

मी वळून पाहिलं नाही. सतरंजीच्या मधोमध बसले होते, ती भिंतीकडे सरकले आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली.